तुमचे प्रश्न: तीन एकरासाठी ट्रॅक्टर घ्यावा का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की शेती अवजारांच्या सबसिडीबद्दल काय विचारायचं ते विचारा. इनबॉक्स भरला. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, 'सबसिडी कधी पडणार', त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, ते महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारचं योजनांच्या अर्जाचं पोर्टल) तुमच्या लॉगिनला दिसतं. बाकीच्यातले काही प्रश्न निवडलेत. नावं छापत नाही, फक्त तालुका देतोय.

प्रश्न (जिंतूर): सर, माझ्याकडं तीन एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि हरभरा. मेव्हणा म्हणतो सव्वा लाख सबसिडी आहे, ट्रॅक्टर घेऊन टाक. दरवर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरमागं फिरून वैताग आलाय. घेऊ का?

दादा, मेव्हण्याचा आकडा बरोबर आहे. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान 2014-15 पासून चालू आहे, त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के पैसे असतात. महाराष्ट्रात गेली काही वर्षं ट्रॅक्टरला अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना किमतीच्या 50 टक्के पण जास्तीत जास्त 1.25 लाख, आणि बाकीच्यांना 40 टक्के पण जास्तीत जास्त 1 लाख अशी मर्यादा राहिलेली आहे. तुमचं रान पाच एकराच्या आत म्हणजे दोन हेक्टरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही पहिल्या रांगेतले. तरी शेवटी तुमच्या पूर्वसंमती पत्रावर (खरेदीच्या आधी मिळणारी मंजुरी) जो आकडा येईल तोच खरा धरायचा, मेव्हण्याचा नाही आणि माझाही नाही.

'50 टक्के' ऐकलं की माणसाला वाटतं निम्म्यात ट्रॅक्टर आला. तसं नसतं. सात लाखाच्या ट्रॅक्टरला सव्वा लाख म्हणजे 18 टक्केसुद्धा होत नाहीत, आणि ते पैसे आधी मिळत नाहीत, आधी पूर्ण रक्कम तुम्ही उभी करायची, ट्रॅक्टर दारात आणायचा, तपासणी व्हायची आणि मग कधीतरी खात्यात जमा.

आता हिशोब करू, दर तुमच्या गावचे टाका, मी अंदाजे धरतोय. नांगरट एकरी 2,000, दोन हंगामाचा रोटा म्हणजे रोटाव्हेटर 3,000, दोन पेरण्या 2,000, बाकी पाळ्या-बिळ्या 1,000, म्हणजे एकरी 8,000 आणि तीन एकराचे वर्षाला 24,000 भाडं. दुसऱ्या बाजूला साडेपाच लाखाचं कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं, तर वर्षाला हप्ता साधारण दीड लाखाच्या घरात जातो. 24,000 वाचवायला दीड लाख. हप्त्यातले उरलेले सव्वा लाख दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर चालवूनच काढायचे, आणि डिझेल-ड्रायव्हर जाऊन एकरामागं 700 रुपये सुटतात असं धरलं तरी 180 एकर रोटा मारावा लागेल, दरवर्षी, तुमचं स्वतःचं डिझेल, इन्शुरन्स, टायर आणि अवजारांची किंमत यात धरलेलीच नाही. गावात आधीच किती ट्रॅक्टर उभे आहेत ते मोजा. तुम्हाला भाड्याचा धंदाच करायचाय, घरात चालवणारं पोरगं आहे, आणि आजूबाजूला काम आहे, तर जरूर घ्या, तो वेगळा विषय. पण फक्त स्वतःच्या तीन एकरासाठी घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका.

बरं, तुमचा वैताग मात्र मला कळतो आणि तो पैशाचा नाहीच, वेळेचा आहे. पाऊस झाला की वाफसा (पेरणी-मशागतीला योग्य ओल) दोन-चार दिवस टिकतो आणि त्याच दिवसात सगळ्या शिवाराला ट्रॅक्टर पाहिजे असतो, ट्रॅक्टरवाला आधी वीस एकरवाल्याकडं जाणार, कारण एका जागी दिवसभर काम मिळतं, तुमच्या एकराच्या तुकड्यात वळवण्यातच त्याचं डिझेल जातं. आणि तुमचा नंबर येईपर्यंत ओल उडालेली असते. यावर सरकारी उपाय आहे तो म्हणजे अवजारे बँक, गटानं यंत्रं घ्यायची आणि भाड्यानं द्यायची. शेतकरी गट, एफपीओ (शेतकरी उत्पादक कंपनी), सोसायटी यांना अवजारे बँकेला उप-अभियानात 80 टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे, एकट्यानं भाडे केंद्र काढलं तर 40 टक्के. तुमचा परभणी जिल्हा पोकरात (राज्याचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) आहे, पोकराच्या गावांमधे गटांनी अशा बँका काढलेल्या आहेत, तुमच्या पंचक्रोशीत कुठल्या गटाकडं आहे का ते कृषी सहाय्यकाला विचारा (हल्ली त्यांचं पद 'सहायक कृषी अधिकारी' झालंय, पण गावात कोण तसं म्हणतं).

आणि बिनसरकारी उपाय सांगू? बांधाला बांध लागून असलेले पाच-सहा जण एकत्र या, सगळ्यांचं मिळून पंधरा-वीस एकर होईल, आणि मे महिन्यातच एका ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवा की पेरणीला ह्या पट्ट्यात एकदम यायचं, ॲडव्हान्स देतो. आता तुम्हीच वीस एकरवाले झालात. सोयाबीन आहे म्हणून हेही सांगतो, पेरणीला बीबीएफ यंत्र मिळालं तर तेच बोलवा, रुंद वरंब्यावर पेरलं की जास्त पावसात पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर ओल धरून राहते, बियाणंही कमी लागतं. हे यंत्र एकट्यानं विकत घेऊन वर्षातले आठ दिवस वापरण्यासारखं नाहीच, गटानं घेण्यासारखं आहे.

एक राहिलं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि बऱ्याच शेती यंत्रांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. सहा लाखाच्या मूळ किमतीवर 42,000 वाचतात, ते पण कुठलाही अर्ज न करता, कुठली तपासणी न होता. सबसिडीच्या एक तृतीयांश झाले की हे! तेव्हा घ्यायचाच ठरला तर कोटेशनवर जीएसटी 5 टक्केच लावलाय ना तेवढं बघा.

प्रश्न (बार्शी): मी दिवाळीत रोटाव्हेटर घेतला, पक्कं बिल आहे. आता महाडीबीटीवर अर्ज केला तर सबसिडी मिळेल का? डीलर म्हणाला होता नंतर करून देतो.

नाही मिळणार. वाईट वाटतं पण नाही. क्रम असा आहे की आधी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग सातबारा, आठ-अ, कोटेशन आणि यंत्राचा टेस्ट रिपोर्ट अपलोड, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमती हातात पडल्यावर दिलेल्या मुदतीत खरेदी, तीही तुमच्या स्वतःच्या बँक खात्यातून, रोख नाही. मग बिल अपलोड करायचं, मोका तपासणी होते, आणि त्यानंतर पैसे आधार लिंक खात्यात. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असलं की फाइल तिथंच संपते.

काही डीलर अशा वेळी बिलाची तारीख पुढची टाकून देतो म्हणतात. त्या नादाला लागू नका, तपासणीत यंत्राचा नंबर बघतात, आणि खोट्या बिलावर सही तुमची असते, डीलरची नाही.

टेस्ट रिपोर्टचं पण सांगून ठेवतो कारण बऱ्याच जणांचं तिथंच अडकतं. यंत्र सरकारमान्य संस्थेनं तपासलेलं पाहिजे, ट्रॅक्टरचं मध्य प्रदेशातल्या बुदनीला होतं, अवजारांचं इतर मान्य संस्थांमधे पण होतं. लोकल वर्कशॉपमधे बनवलेला रोटर कितीही दणकट असूदे, रिपोर्ट नसेल तर सबसिडी नाही. दुसऱ्या अवजाराला मात्र तुम्ही अर्ज करू शकता. आणि ट्रॅक्टरचलित अवजार मागताना ट्रॅक्टर तुमच्याच नावावर पाहिजे असं काही नाही, घरातल्या कुणाच्याही नावावर असला तरी चालतो, आरसी जोडायची.

प्रश्न (संगमेश्वर): आमची भातशेती तीन ठिकाणी मिळून 18 गुंठे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, ते वारले त्याला पंधरा वर्षं झाली, चुलते सगळे मुंबईला. पॉवर टिलर घ्यायचा विचार आहे. काय करू?

आधी पॉवर टिलर विसरा आणि सातबारा धरा. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झालाय आणि तो आयडी सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराचा निघतो. आजोबांचा आता निघणार नाही, तुमचं नाव नाही म्हणून तुमचाही निघणार नाही. वारस नोंद करून घ्या, मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती लागते. महसूल खात्यानं 2025 मधे 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती नेमकी ह्यासाठीच होती. चुलत्यांची नावं पण लागतील, ती लागूद्यात, वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे हे त्यांना फोनवर नीट समजावून सांगा नाहीतर गणपतीत घरी आल्यावर भांडण ठरलेलं.

यंत्राचं म्हणाल तर 18 गुंठ्याला पॉवर टिलर जास्त होतो, पण वाडीत मिळून घेतला तर कामाचा आहे, ट्रॅक्टर जिथं उतरत नाही त्या खाचरात तोच चिखलणी करतो. तुमच्या एकट्याच्या मापाचं यंत्र म्हणजे ब्रश कटर, भात कापायची पाती लावता येतात, बांधावरचं गवतही निघतं, आणि पाठीवर किंवा खांद्याला लावून तिन्ही ठिकाणी नेता येतो. भात लावणी यंत्राच्या मागं एकदम लागू नका, त्याला रोपं ट्रेमधे किंवा चटईवर वाढवावी लागतात, गादीवाफ्यावरची उपटलेली रोपं चालत नाहीत, ते तंत्र आधी शिकावं लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जाऊन एकदा चालताना बघा मग ठरवा.

प्रश्न (केज): आमचा दहा बायकांचा बचत गट आहे, आठ जणी बौद्ध समाजाच्या आहेत. मिनी ट्रॅक्टर फक्त दहा टक्क्यात मिळतो असं ऐकलं, खरं आहे का? महाडीबीटीवर सापडत नाही.

ताई, खरं आहे, पण तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात. ही योजना कृषी खात्याची नाही, सामाजिक न्याय विभागाची आहे, त्यामुळं जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात जायचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना 9 ते 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर, सोबत कल्टीव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. खर्चाची मर्यादा 3.5 लाख, त्यातले 3.15 लाख सरकारचे, 35,000 गटाचे. गटात किमान 80 टक्के सदस्य त्या समाजाचे पाहिजेत, तुमच्या दहात आठ आहेत म्हणजे काठावर पास, पण अध्यक्ष आणि सचिव दोघीही त्याच समाजाच्या पाहिजेत, ते तपासा. आणि यातली कुणी एक गट सोडून गेली तर प्रमाण बिघडेल, तेव्हा अर्ज करण्याआधी बसून बोलून घ्या.

साडेतीन लाखात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ट्रेलर सगळं बसवणं आजच्या भावात अवघड आहे, वरचे पैसे गटाला घालावे लागतात. म्हणजे 35,000 मधे होईल असं धरून बसू नका.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ह्या योजनेतले कितीतरी ट्रॅक्टर कागदावर गटाचे आणि प्रत्यक्षात कुणा एकाच्या वाड्यात असं दिसतं, बायकांना भाड्याचा रुपया कळत नाही. ट्रॅक्टर विकायचा नाही, गहाण ठेवायचा नाही हे नियमात आहेच, पण किल्ली कुणाकडं राहणार, ड्रायव्हर कोण, भाड्याची वही कोण लिहिणार हे नियमात नाही. ते पहिल्याच मीटिंगच्या ठरावात लिहा. गटातली एखादी तरुण मुलगी चालवायला शिकली तर फारच चांगलं, ड्रायव्हरचे पैसे गटातच राहतील.

ड्रोन दीदीबद्दल पण विचारलंय तुम्ही. ती केंद्राची योजना, बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख, आणि एका सदस्याला 15 दिवसांचं ट्रेनिंग. देशभरात मिळून 15,000 च्या आसपासच गट धरलेत, म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला थोडेच. आधी मिनी ट्रॅक्टरचं बघा.

प्रश्न (वैजापूर): बायकोच्या नावानं अर्ज केला तर सबसिडी जास्त मिळते का? आमचं चार एकर आहे.

तुम्हाला फरक पडत नाही. चार एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक, तुमच्या नावावर पण 50 टक्केच आणि तिच्या नावावर पण 50 टक्केच. आठ-दहा एकरवाल्या घराला महिलेच्या नावाचा फायदा होतो, 40 चे 50 होतात. तरीसुद्धा सातबाऱ्यावर तिचं नाव लावाच, लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, त्याला सबसिडीचं निमित्त कशाला पाहिजे.

प्रश्न (उमरखेड): मी दुसऱ्याचं पाच एकर बटाईनं करतो, स्वतःची जमीन नाही. मला काही आहे का?

पोर्टलवर वैयक्तिक अर्जाला नाही, सातबारा लागतो आणि तोंडी बटाईचा कुठं कागद नसतो. राबणारा एक आणि सबसिडी दुसऱ्याला, ही ह्या सगळ्या योजनेतली मोठी खोट आहे आणि ती अजून कुणी भरून काढलेली नाही. मालकाच्या नावानं यंत्र घ्यायचं आणि पैसे तुम्ही भरायचे असं काही जण करतात, ते करू नका, उद्या बटाई सुटली तर यंत्र त्याचं. तुमच्यासाठी रस्ता म्हणजे अवजारे बँकेतून भाड्यानं घेणं. आणि मालकाशी बोलताना एवढं ठरवा की नांगरट आणि रोट्याचं भाडं निम्मं-निम्मं, पेरणीच्या आधी, चार माणसांसमोर.