भाऊ गेला, त्याच्या लहान मुलांना कसं सांभाळू?

भाऊ महिन्याभरापूर्वी हार्ट अटॅकने गेला, ६ वर्षांच्या भाचीला घरात सगळे ‘बाबा गावाला गेलेत’ म्हणून सांगतात, ११ वर्षांचा भाचा गप्प झालाय, आणि आत्या म्हणून मी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

माझे बाबा गेले तेव्हा मी ८ वर्षांची होते. आम्ही इंदूरला रामबागेत राहायचो. मलाही गावाचंच सांगितलं होतं. पण बाबांची स्कूटर अंगणात उभी होती, आणि स्कूटरशिवाय बाबा कोपऱ्यावर पोहे आणायलासुद्धा जात नसत. मोठी माणसं खोटं बोलताहेत एवढं मला कळलं, का ते कळलं नाही. तरी संध्याकाळ झाली की मी दाराशी बसून स्कूटरच्या स्टँडच्या ‘खट्’ आवाजाची वाट बघायचे. शेवटी शाळेत मधल्या सुट्टीत एका मुलीनं विचारलं, “तुझे बाबा मेले ना गं?”

म्हणून आधी भाचीला खरं सांगा, आणि लवकर सांगा. वहिनींनी सांगितलं तर उत्तम. त्यांना जमत नसेल तर तुम्ही सांगा, त्या शेजारी बसू देत. रडू आलं तर मुलांसमोर रडलात तरी चालेल. “बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते परत चालू झालं नाही. बाबा मेले. आता ते परत येणार नाहीत.” एवढंच पुरे. ‘मेले’ हा शब्द आपल्या जिभेवर येत नाही, मला माहीत आहे. पण ६ वर्षांच्या मुलीला ‘गेले’ म्हणजे परत येणारे. ‘झोपले’ म्हटलं तर ती झोपायला घाबरेल. माझी आजी प्रेमानंच म्हणाली होती, “देवाला आवडले म्हणून नेलं.” त्यानंतर कित्येक रात्री मी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपले. देवाला उद्या आई आवडली तर?

भाची आत्ता ऐकेल, खेळायला पळेल आणि उद्या पुन्हा विचारेल, “बाबा कधी येणार?” तिला काही वाटत नाही असं समजू नका. मुलांना दुःख सलग पेलत नाही, ती ते थोडं थोडं घेतात. मरण म्हणजे कायमचं, हे त्या वयात हळूहळूच उमगतं. दर वेळी तेच उत्तर शांतपणे द्या.

आणि एक गोष्ट तिनं विचारली नाही तरी सांगा, दोघांनाही सांगा: हे तुमच्यामुळे झालेलं नाही. बाबा गेले त्याच्या आदल्या रात्री मी सराफ्यातले, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातले, गराडू (तळलेल्या कंदाचे तुकडे) हवेत म्हणून हट्ट धरला होता. कडाक्याची थंडी होती, तरी बाबा स्कूटर काढून गेले. कागदाच्या पुड्यातले ते गरम, मसाला भुरभुरलेले तुकडे मी एकटीनं संपवले. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. माझ्यामुळेच, असं मी धरून चालले होते. दहावीत असताना धीर करून आईला विचारलं. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे कधी सुचलंच नव्हतं.

भाच्याला ‘आता तूच घरातला कर्ता’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. म्हणालेच तर तिथल्या तिथे अडवा. माझ्या दादाला हे तेराव्याच्या पंगतीत सांगितलं गेलं. तो १२ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवसापासून तो क्रिकेटला गेला नाही, खोल्याखोल्यांतून दिवे बंद करत फिरायचा, बिल कमी यावं म्हणून. अशा मुलाला समोर बसवून प्रश्न विचारू नका. गाडीवर मागे बसवून कुठे तरी घेऊन जा, बोलला तर बोलला. त्याच्या क्लास टीचरना मात्र भेटून या, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर कुणी वडिलांची सही मागणार नाही.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी एकदम रिकामं होतं. तुम्ही एक वार ठरवा, समजा रविवार, आणि तो चुकवू नका. डबा घेऊन जा, वहिनींना दोन तास झोपू द्या. पैशांची ओढाताण असेल तर महिला बाल विकासच्या ऑफिसात ‘मिशन वात्सल्य’ या केंद्र सरकारच्या योजनेतल्या स्पॉन्सरशिपची, म्हणजे मुलांसाठीच्या मासिक मदतीची, चौकशी करा. वडील गेलेल्या मुलांसाठी त्यात महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे, शहरात वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत लागतं.

जेवण, झोप, शाळा हे कित्येक आठवडे रुळावर आलं नाही, किंवा ‘मला बाबांकडे जायचंय’ असं ऐकू आलं, तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

भावाच्या वस्तू देऊन टाकण्याआधी मुलांना विचारा, एकेक वस्तू त्यांना निवडू द्या. आमची स्कूटर मी शाळेत गेलेली असताना विकली. घरी आले तर अंगणात ती उभी असायची तिथे ऑइलचा काळा डाग तेवढा होता.