चिठ्ठी उचलू नकोस, ठरव

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज रात्री दोनदा वाचला. वॉचनाईटला, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत, ताटातून उचललेल्या वचनाच्या चिठ्ठीवर उत्पत्ती १२:१ निघालं, अब्राहामाला देश सोडायला सांगितलेलं, म्हणून तू पाळक व्हायला पुण्याच्या सेमिनरीचा फॉर्म आणलास. मग डोळे मिटून बायबल उघडलंस तर बोट पडलं स्तोत्र ३७:३ वर, ‘देशात वस्ती कर’. फॉर्म कपाटात गेला. आता म्हणतोस, आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारपर्यंत स्वतःहून विषय काढला तर सेमिनरी, नाही काढला तर वाळूजच्या कंपनीत पर्मनंट. आणि वर मला विचारतोस, ‘बाई, देवाची इच्छा कशी ओळखायची?’

तुला संडे स्कूलला मी शिकवलंय, म्हणून स्पष्ट बोलते. देवाने आपली इच्छा तुझ्यापासून लपवून ठेवलेली नाही. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल दोनदा सरळ लिहितो की देवाची इच्छा ही आहे. चौथ्या अध्यायात पवित्रपणे जगणं, पाचव्यात सर्व स्थितीत उपकारस्तुती करणं. मीखा ६:८ तर तू आठवीत असताना घडाघडा म्हणायचास: न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल. यातलं वाळूजला करता येणार नाही असं काय आहे? पुण्याला करता येणार नाही असं काय आहे? उरलेलं देवाने तुझ्यावर सोपवलंय. तू ठरव.

चिठ्ठ्या बायबलमध्येही आहेत, हे मला माहीत आहे. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, प्रेषितांची कृत्ये १:२६. पण पुढचं पान उलट. दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टचा सण येतो, पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर प्रेषितांनी चिठ्ठी टाकल्याचं कुठेच सापडत नाही. पंधराव्या अध्यायात केवढा मोठा प्रश्न होता, यहूदी नसलेल्या विश्वासूंवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं घालायचं की नाही! ते बसले, वादविवाद केला, पेत्राचं, बर्णबा-पौलाचं, मग याकोबाचं ऐकलं आणि लिहून टाकलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. ‘आम्हाला’ लिहिताना ते कचरले नाहीत.

गिदोनाच्या लोकरीचा दाखला तू देणारच, सगळे देतात. दव नुसत्या लोकरीवर पडावं, अशी खूण त्याने देवाकडे मागितली. शास्ते ६ पुन्हा वाच. काय करायचं ते त्याला आधीच सांगून झालं होतं. लोकर त्याने नंतर घातली, आणि एकदा दव पडूनही भागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा घातली. देवाने त्याच्या भीतीला सांभाळून घेतलं. त्यावरून आपण नियम बांधायचा?

‘दार उघडलं’ हेही तू तीनचार वेळा लिहिलंयस. योना देवापासून पळत होता, तेव्हा यापोच्या बंदरात त्याला तार्शीशला जाणारं जहाज आयतं मिळालं. दार सताड उघडं होतं. एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा त्याच्या हाती सापडला, तेव्हा दाविदाची माणसं म्हणाली, हाच तो देवाने दिलेला दिवस. दाविदाने नुसता झग्याचा काठ कापला, आणि त्याबद्दलही त्याच्या मनाला टोचणी लागली. उलट पौल करिंथकरांना लिहितो की इफिसात मोठं दार उघडलंय आणि विरोधकही पुष्कळ आहेत, म्हणून मी इथेच थांबतो. आणि मनाला शांती वाटणं हीच खूण धरायची, तर गेथशेमाने बागेत वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू व्याकूळ झाला, त्याचं काय करशील? परिस्थिती बघावी, विचारात घ्यावी. तिला तुझ्यासाठी निर्णय घेऊ देऊ नये. ठरवायचं तुलाच.

मी हे इतकं हट्टाने का सांगते, ते तुझ्या आईला थोडंफार ठाऊक आहे. माझ्या लग्नाच्या वेळी एक बाहेरगावचे उपदेशक आमच्याकडे सभेला आले होते. देवाने दाखवलं म्हणाले, हिने अमुक मुलाशी लग्न करावं. चारचौघांत, प्रार्थना चालू असताना. मी पहिलं करिंथ ७:३९ वाचलेलं होतं. विधवेने मर्जीस येईल त्याच्याशी लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये, एवढीच पौलाची अट. जिचं पहिलंच लग्न तिला याहून कमी मोकळीक असेल, असं मला वाटेना. मी माझ्या मर्जीने एसटीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकशी लग्न केलं. संध्याकाळी घरी आला की तो मोरीत आधी रॉकेलने हाताचं ग्रीस काढायचा, मग लाल साबणाने दोनदा हात धुवायचा आणि मगच बायबलला हात लावायचा. तरी नखांच्या कडेला काळं राहायचंच. कौटुंबिक प्रार्थना त्याने कधी चुकवली नाही.

तो लवकर गेला. हृदयविकाराने. मातीवरून परतताना चर्चच्या मंडळीतल्या दोघीजणी माझ्या ऐकण्याच्या अंतरावर म्हणाल्या, देवाची इच्छा डावलली की असंच व्हायचं. मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, याची खंत अजून आहे. योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे? प्रभू म्हणतो, याच्याही नाही, आईबापांच्याही नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्या माणसाबरोबर मी जगले ते देवासमोर जगले, आणि आज कोणी पुन्हा विचारलं तरी त्यालाच होकार देईन. परिणाम वाईट झाला म्हणून निर्णय देवाबाहेरचा ठरत नाही. पौल ‘मासेदोनियात ये’ असा दृष्टान्त बघून निघाला, तरी तिथल्या फिलिप्पैत छड्याच खाल्ल्या आणि तुरुंगात पडला. मग दृष्टान्त खोटा होता का?

आता तू म्हणशील, बाई, पौलाला दृष्टान्त झालाच ना? झाला. देवाला बोलायचं असेल तेव्हा तो बोलतो, त्याला मी कोण अडवणार? पण प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय नीट बघ. आशियात अडवलं, बिथुनियात अडवलं, तरी पौल चालत त्रोवसपर्यंत आला होता. पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. १८९६ च्या अखेरीला मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यांच्या हातात आधीचं काम होतं, आणि आई, वडील, थोरली बहीण यांना दुष्काळानेच नेल्याची आठवण होती. त्या प्रार्थना करत होत्या, खूप करत होत्या, आणि त्या प्रार्थनेतून उठून दुष्काळातल्या मुलींना आणायला गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. कपाटात फॉर्म ठेवून, रविवारी कोण काय बोलतं याची वाट बघत बसून नाही.

जरा रागावले. तुझी तळमळ खरी आहे, हे मला कळतं. चुकीच्या रस्त्याला लागलो तर देव मला सोडून देईल, अशी भीती तुझ्या प्रत्येक ओळीत आहे. बाळा, तो तसा बाप नाही. यिर्मया २९:११, ‘हिताचे संकल्प’ हे वचन, तुमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय ना? त्याच्या आधीची वचनंही वाच. बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे ते. सत्तर वर्षं लागणार, तोवर घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, असं सांगितलंय. कुठलं घर, कुठली बाग, ते त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

तेव्हा चिन्हं मोजणं थांबव आणि जे समोर आहे ते मोज. बहिणीच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोण भरणार? पप्पांची शुगर आणि डोळे पाहता पुढची तीनचार वर्षं घर कसं चालेल? सेमिनरीची फी मंडळी उचलेल का, हे तू पाळकसाहेबांना स्वतः जाऊन विचार, त्यांनी विषय काढायची वाट बघू नकोस. आजाऱ्याच्या उशाशी बसायला तुला आवडतं का? मयताच्या घरी गेलास की पळून यावंसं वाटतं की थांबावंसं? तुझ्याशी ज्याचं पटत नाही अशा मंडळीच्या एखाद्या पंचाला विचार की हा मुलगा पाळक झालेला चालेल का. पहिलं तीमथ्य ३ मध्ये पौल म्हणतो, अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याच्या, कामाची इच्छा धरणारा चांगल्या कामाची इच्छा धरतो. आकाशवाणी झालीच पाहिजे अशी अट तो घालत नाही. शील कसं हवं ते मात्र पुढच्या सहा वचनांत सांगतो, ती वाचून त्यात स्वतःला तपास.

बुद्धी माग. याकोब १:५ प्रमाणे ती देव दोष न लावता देतो. प्रार्थना कर, उपास कर, सगळं कर. मग ठरव, आणि ठरवलंस की ‘देवाने सांगितलं’ असं लोकांना सांगू नकोस, ‘मी विचार करून ठरवलं’ असं सांग. तुझ्या निर्णयाला देवाची सही लावलीस, तर उद्या पप्पा तुला काही बोलूच शकणार नाहीत, आणि त्यांना बोलता आलं पाहिजे.

यातलं काय निवडू, ते मला विचारू नकोस. माझं मत आहे, पण सांगणार नाही. फॉर्मची तारीख महिनाअखेरची आहे म्हणालास. येत्या शनिवारी दुपारी घरी ये, येताना फॉर्म, कंपनीचं पत्र आणि कर्जाचं पासबुक घेऊन ये. हप्त्याचा हिशेब आपण दोघं बसून करू. चिठ्ठी मात्र घरी ठेवून ये.

प्रभूमध्ये तुझी,
बाई