साधी सुट्टी मुलांना कशी द्यावी?

प्रश्न : लहानपणी मे महिन्यात आम्ही स्वारगेटहून एसटीने वरंधा घाटमार्गे महाडला आजोळी जात असू; आता मुलांना रिसॉर्टखेरीज सुट्टी रुचत नाही. त्यांना ते साधे दिवस कसे द्यावेत?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ते दिवस तसेच्या तसे देता येणार नाहीत, कारण त्यांतला साधेपणा पुष्कळदा पैशांच्या चणचणीतून आलेला असे आणि त्याचा भार (हे आपण सोयीस्करपणे विसरतो) घरातल्या बायका चुलीपाशी उचलत. भावंडांचा सहवास आणि रिकामा वेळ मात्र आजही देता येतो. नातेवाइकांची मुले चार दिवस घरी बोलवा, पहाटे सिंहगड पायी चढा, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खा. दुपारी त्यांना खुशाल कंटाळू द्या. स्वयंपाकाचे काम या खेपेस पुरुषांनीही वाटून घ्यावे.