हलका बर्फ उडवायला लीफ ब्लोअर चालेल का?

प्रश्न : आमचा मुलगा कॅनडातील कॅलगरी शहरात असतो. डिसेंबरपासून काही महिने आम्ही दोघे त्याच्याकडे राहायला जाणार आहोत. मुलगा आणि सून सकाळी लवकर कामावर जातात, म्हणून रात्री पडलेला बर्फ दारासमोरून काढण्याचे काम आपण करावे, असे यजमानांच्या मनात आहे. त्यांचे वय ६८ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरी पानगळीसाठी घेतलेला बॅटरीवरचा लीफ ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाने उडवणारे यंत्र, आहे. हलका बर्फ त्याने उडवता येतो असे मुलगा म्हणतो. यजमान मात्र म्हणतात, फावडेच बरे, तेवढाच व्यायाम होईल. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मुलाचे ऐकावे; मात्र ब्लोअर चालेल की नाही हे यंत्राच्या ताकदीपेक्षा त्या दिवशीच्या बर्फावर अवलंबून असते, हे दोघांनीही लक्षात घ्यावे.

कडाक्याच्या थंडीत पडलेला ताजा बर्फ कोरडा आणि भुरभुरीत असतो. त्याच्या कणांमध्ये हवाच अधिक असते, त्यामुळे एक घनमीटर बर्फाचे वजन अनेकदा ५० ते १०० किलोच भरते, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. असा बर्फ वाऱ्याच्या झोताने सहज उडतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर कणांभोवती पाण्याचा पातळ थर धरतो, कण एकमेकांना चिकटतात आणि झोत नुसता वरून निघून जातो. हातमोजा घालून मूठभर बर्फ दाबून पाहावा : रांगोळीसारखा बोटांतून गळून पडला तर ब्लोअर काढावा, लाडू वळला गेला तर यंत्र जागेवरच राहू द्यावे. कॅलगरीची हवा कोरडी असल्याने पहिल्या प्रकारचा बर्फ तिथे पुष्कळदा मिळतो. थराची जाडी पाच सेंटिमीटरपर्यंत असेल तर काम झटपट होते. त्याहून फार जाड थरात नुसता खळगा पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पाऊल किंवा टायर पडला की खालचा बर्फ दबतो, फरशीला घट्ट धरतो आणि मग कोणत्याही ब्लोअरला दाद देत नाही. म्हणून हे काम मुला-सुनेची गाडी बाहेर पडण्याआधी झाले पाहिजे. पहाटे शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही, एवढे भान अर्थातच ठेवावे. दारापासून सुरुवात करून, वारा पाठीशी घेऊन, नळीचे तोंड जमिनीलगत तिरपे धरावे आणि बर्फ हिरवळीकडे ढकलत जावे. रस्त्यावर किंवा शेजाऱ्यांच्या वाटेवर लोटू नये. उडालेला बर्फ यंत्राच्या हवा ओढणाऱ्या जाळीत जाऊ देऊ नये. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, कारण बर्फाबरोबर बारीक खडीही उडते, आणि कानांनाही आवाजापासून संरक्षण हवे. गाडीच्या टपावरचा कोरडा बर्फही याच झोताने रंगाला ओरखडा न येता निघतो.

आता यजमानांच्या व्यायामाविषयी, आणि येथे मी मुद्दाम आग्रहाने लिहीत आहे. फावड्याने बर्फ उचलणे हा मेघदूत उपवनातल्या सकाळच्या फेरफटक्यासारखा व्यायाम नव्हे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, आणि त्याच वेळी हातांनी ओझे उचलताना, बहुधा श्वास रोखून, हृदयावर एकदम ताण येतो. बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका येण्याच्या घटना थंड देशांत दर हिवाळ्यात घडतात आणि तिथले डॉक्टर त्याबद्दल वारंवार इशारा देतात. इंदूरला पारा १० अंशांवर उतरला की आपण कानटोपी काढतो. उणे २० अंशांची सवय आपल्या शरीराला नसते. ब्लोअर धरण्याचे श्रम पुष्कळ कमी असले, तरी थंडी तीच असते, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना हे काम नेमके सांगून त्यांचा सल्ला घ्यावा, आणि छातीत दडपण किंवा धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे.

बॅटरी गॅरेजमध्ये न ठेवता घरात उबेला ठेवावी आणि काम सुरू करतानाच बसवावी, कारण गारठलेली लिथियम बॅटरी लवकर उतरते. काम संपल्यावर ती लगेच चार्जिंगला लावू नये. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. शून्याखाली चार्ज केल्यास तिच्या आत धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होऊ शकते. यंत्र ओले झाले असल्यास पुसून कोरडे करावे.

कॅलगरीत आणखी एक अडचण येते. रॉकी पर्वतावरून येणारा चिनूक नावाचा उबदार वारा हिवाळ्यातही काही तासांत तापमान कितीतरी अंशांनी चढवतो. दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री त्याचा काचेसारखा थर होतो. त्यावर ब्लोअर निरुपयोगी आहे, आणि फार थंडी असेल तर साध्या मिठाचाही फारसा परिणाम होत नाही, तेव्हा वाळू किंवा बारीक खडी पसरावी. त्या सकाळी यजमानांनी बाहेर पाऊलच टाकू नये. बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरासमोरचा पदपथ मोकळा करावा, असा तिथल्या नगरपालिकेचा नियम आहे, त्यामुळे ओला, जाड किंवा गोठलेला बर्फ संध्याकाळी मुलगा परत येईपर्यंत खुशाल तसाच राहू द्यावा.