स्क्रॅपबुकसाठी पहिलं सामान काय घ्यावं – आजीचे फोटो लावणाऱ्या ताईंसाठी

आजीचे साठेक फोटो, तिच्या हातच्या पाककृतींच्या चिठ्ठ्या, थोडी जुनी तिकिटं, एवढ्याचं स्क्रॅपबुक करायचंय, राहायला चिपळूणला, आणि ऑनलाइन दिसणारा साडेतीन हजारांचा किट घेऊ का, असं विचारलंत. आत्ता नका घेऊ ताई. त्या किटमध्ये निम्मं सामान स्टिकर, मोती आणि चमकीचं असतं, त्यातलं आजीच्या पानावर काय शोभेल ते तुम्हाला चार पानं केल्याशिवाय कळणारच नाही.

मी बारा-तेरा वर्षं हे करतेय आणि माझा एकच नियम आहे, फोटोला जे जे चिकटणार किंवा टेकणार त्याच्यावर पैसे घाला, म्हणजे कागद, गोंद, पेन आणि वरचं प्लास्टिक. बाकी सगळं नंतर.

कागद अ‍ॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री लिहिलेला बघूनच घ्या. वर्तमानपत्र महिनाभर उन्हात राहिलं की कसं पिवळं पडतं, ते त्या लिग्निनमुळेच (लाकडातला एक नैसर्गिक घटक), आणि तसला कागद स्वतः पिवळा पडतोच पण शेजारच्या फोटोलाही डाग देतो. जाडी २०० ते २५० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हवी. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो, त्याच्यावर तीन फोटो लावले की पान वाकतं. १२ बाय १२ इंचाचे अल्बम दिसायला छान पण ते कागद आपल्याकडे सहज मिळत नाहीत, संपले की अडकायला होतं, म्हणून पहिलं ए-फोर मध्ये करा. पानाला तीन फोटो धरले तर साठ फोटोंना वीस पानं, चार-पाच जास्तीची ठेवा. बांधणी रिंगची किंवा वायरची घ्या, फोटो लावल्यावर वही फुगते आणि गोंदाने बांधलेली असेल तर कण्यातून उकलते. पुण्याला येणं झालं तर अप्पा बळवंत चौकात कार्डस्टॉक, म्हणजे असा जाड कागद, हात लावून बघता येतो, आणि शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांचा हातकागद मला आजी-पणजीच्या फोटोंना फार आवडतो. सुताच्या कागदात लिग्निनचा प्रश्नच येत नाही.

आता गोंद. पांढरा फेव्हिकॉल फोटोला लावू नका, कृपा करून. माझ्या पहिल्या वहीत मी तोच लावला होता, त्यात पाणी असतं ना, रात्री सपाट दिसलेलं पान सकाळी पापडासारखं वर आलेलं आणि आईच्या लग्नातल्या फोटोवर मागच्या गोंदाची वळणं उठलेली, ती आजही दिसतात. छापलेल्या कॉपीजना अ‍ॅसिड-फ्री डबल साइड टेप (६ मिलिमीटरची पुरते), आणि मूळ जुन्या फोटोंना नुसते फोटो कॉर्नर, म्हणजे पानावर चिकटवलेले छोटे खिसे, ज्यांत फोटोचे कोपरे अडकवायचे. कोपरे कागदाचे घरीही होतात, छोटी पट्टी दोन्हीकडून त्रिकोणी दुमडायची की झालं, फोटोला गोंद लागतच नाही, उद्या काढायचा म्हटलं तर निघतो. जुने फोटो त्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिकची झापड असलेल्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. आणि काहीही करण्याआधी सगळे स्कॅन करा, छोटे फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग). कापाकापी फक्त कॉपीची, मूळ फोटोला कात्री नाही.

पेन पिगमेंट शाईचं, म्हणजे वाळल्यावर पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं, पिग्मा मायक्रॉन ०५ हे बारीक टोकाचं एक घेतलंत तरी पहिली वही होईल. साधं जेल किंवा स्केचपेन फुटतं. दुकानात शंका आली तर चिठोऱ्यावर रेघ मारा, वाळू द्या, ओलं बोट फिरवा, रंग निघाला तर ते पेन घेऊ नका.

हत्यारांत स्टीलची पट्टी, पेपर कटर, टोकदार छोटी कात्री आणि ए-थ्री कटिंग मॅट. पट्टी प्लास्टिकची नको, कटर तिच्यात घुसतो आणि कड वाकडी येते. डाय कटिंगचं (साच्याने कागदाचे आकार कापायचं) मशीन, डिझाइनचे पंच वगैरेचा विचार दुसऱ्या वहीला.

तिकिटांचं नीट ऐका. एसटीची जुनी, कंडक्टरच्या ट्रेमधली पंच केलेली तिकिटं छापील असतात, ती राहतात. मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं, ते वहीत ठेवलं तर काही वर्षांत कोरं होतं. माझं गणपतीला गावी गेल्याचं तिकीट असंच पांढरं झालं, तेव्हापासून घरी आल्या आल्या झेरॉक्स काढते आणि तीच लावते.

आजीच्या चिठ्ठ्या लॅमिनेट करू नका, ते परत काढता येत नाही आणि गरम रोलरमध्ये जुना कागद खराब होतो. पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकच्या पारदर्शक खिशात ठेवा. पीव्हीसीचा खिसा नव्या रेनकोटसारखा वास मारतो, तो वास आला की दुकानातच परत द्या, काही वर्षांनी शाई त्याला चिकटून येते.

चिपळूणचा पाऊस बघता वही भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आडवी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दिवाळीला एकदा पानं उलटून वारा द्या, कसर ओलीतच लागते. स्टेपलरची पिन किंवा टाचणी कुठेही नको, गंजून पानावर तांबडा डाग पडतो. गजऱ्यातलं फूल लावायचंच असेल तर आधी जाड पुस्तकात महिनाभर दाबून पूर्ण वाळवा. आजीच्या लुगड्याच्या काठाचा तुकडा मात्र जरूर लावा, पण कडेला, फोटोला घासणार नाही असा.

आणि चिकटवण्याआधी फोटो घेऊन मामा-मावशीकडे एक दुपार बसा, कोण कोण आहे, साल कुठलं, हे विचारून प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. पहिलं पान झालं की त्याचा फोटो मला पाठवा, टेप कुठे लावायची ते मी बघून सांगते.