कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर वडिलांना विसर पडतोय, गॅबाच्या गोळ्या द्याव्यात का?

नाही. गॅबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन; तोंडाने घेतलेला गॅबा मेंदूत पुरेसा पोचतो याचा भरवशाचा पुरावा नाही. पैसे वाचवा.

आता तुमच्या प्रश्नाने जे उकरून काढलं ते. साताऱ्यात गोडोलीला आमचं घर. डिसेंबरात आई न्हाणीघरात पडली. गॅस गीझर चालू, आणि झरोक्यात दादाने थर्माकोल कोंबलेला, वारं झोंबतं म्हणून. (तो थर्माकोल मीही दोन हिवाळे रोज बघत होतो, ते असो.) कडी तोडून आत गेलो तर नळ तसाच धो धो वाहतोय. दवाखान्यात बोटाचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. दादा म्हणाला, "बघ, ऑक्सिजन आहे, चक्कर असणार." मी रसायनशास्त्राचा मास्तर! कोंडलेल्या गीझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो आणि ते यंत्र दोघांत फरक करत नाही, हे शिकवून घसा बसलाय माझा. भांडून ऑक्सिजन लावायला लावला. साध्या हवेत वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-सव्वा तास.

चौथ्या दिवशी आई ठणठणीत घरी. तीन आठवड्यांनी चहात मीठ घालायला लागली. मग पातळ ओलं व्हायचं, तिला पत्ताच नसायचा. दादा म्हणे, "वय झालं." एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसवर, म्हणजे मेंदूच्या आत खोलवरच्या एका भागावर, डाग निघाले. तिथल्या बहुतेक पेशी गॅबाच्याच. गॅबाचं काम वर्गातल्या मॉनिटरचं, इतरांना गप्प बसवायचं. ऑक्सिजन तुटला की पेशींना चेतवणारं रसायन, ग्लुटामेट, बेसुमार सुटतं, सगळा वर्ग बेफाम होतो आणि त्यातच पेशी मरतात. १९८० च्या दशकात उंदरांच्या गाभण माद्यांना हा वायू दिला, तर पिल्लांच्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या भागात) गॅबा कमी भरला. म्हणून माणसाला गॅबा पाजला की मेलेल्या पेशी उठतील असं थोडंच आहे?

मी डॉक्टर नाही, वडिलांना न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच. उशिरा उमटलेला हा त्रास बऱ्याच जणांचा काही महिन्यांत ओसरतो, सगळ्यांचा नाही.

दादा अजून म्हणतो, वयच झालं होतं. मग पुढच्या दिवाळीपर्यंत, ८१ व्या वर्षी, चहात पुन्हा साखर कशी पडायला लागली?