कृत्रिम ख्रिसमस ट्री लाइटच्या माळांसकट गुंडाळून ठेवलं तर चालतं का?

नाही, चालत नाही.

तुम्ही लिहिलंय की झाड उतरवण्यात दरवर्षी अख्खा दिवस जातो, माळांचा गुंता सुटत नाही आणि शेवटी झाड मूळच्या खोक्यात मावतही नाही. मग माळा तशाच ठेवून फांद्या मिटल्या आणि वरून चादर गुंडाळली तर काय बिघडेल, असा तुमचा प्रश्न आहे. काय बिघडतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं झाड साडेसहा फुटी, तीन भागांचं, बिजागरीच्या फांद्यांचं. त्या वर्षी झाड उतरवायच्या वेळी माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. दादा म्हणाला, "तू बस, मी करतो." मी खुर्चीत बसून सांगत होते, तो हो-हो करत होता आणि स्वतःच्याच मनाने चालला होता. समोर दिसले तेवढे गोळे त्याने काढले. चमकीची झालर एका टोकाला धरून ओढली. मग माळेची पिन भिंतीतून काढली आणि म्हणाला, "ही राहू दे झाडावरच. पुढच्या वर्षी तेवढाच वेळ वाचेल."

माळ तिन्ही भागांवरून फिरलेली होती. वरचा शेंडा उचलला तेव्हा तार ताणली गेली, मधल्या भागाच्या दोन फांद्या तिच्याबरोबर वर ओढल्या गेल्या. मी ओरडले. त्याने चार-पाच वेढे सोडवले, बाकीचे तसेच राहिले. फांद्या वरून खाली दाबत त्याने तिन्ही भाग खोक्यात बसवले, झाकणावर गुडघा ठेवला आणि चिकटपट्टी मारली. सगळं वीस मिनिटांत. ती वीस मिनिटं तो अजूनही अभिमानाने सांगतो.

पुढच्या डिसेंबरात खोका मी उघडला. माळ अर्धी पेटली, अर्धी नाही. जुन्या बारीक बल्बांच्या माळांत बल्ब एकापुढे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. बल्ब जळला तरी आतली बारीक तार वीज पुढे जाऊ देते, पण बल्ब खोबणीतून सैल झाला किंवा तार तुटली की तो अख्खा टप्पा अंधारात. फांद्यांच्या दाबाखाली वर्षभर वाकलेल्या तारेत तुटलेली जागा शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. वाचलेला वेळ तो हा.

माळ नवी आणता येते. आमचा पक्षी नाही आणता आला. बाबांनी आणलेला काचेचा पक्षी होता, शेपटी काचेच्या तंतूंची आणि पायांच्या जागी स्प्रिंगची क्लिप. तो कधीच फांदीच्या टोकाला नसायचा. आई त्याला खोडाजवळ, मधल्या भागात बसवायची, कारण तिथून तो घरट्यात असल्यासारखा दिसतो. मधला भाग उलगडला आणि माझ्या मांडीवर काचेचे तुकडे पडले. तसाच दुसरा शोधताना कळलं की फुंकून केलेल्या अशा काचेच्या वस्तूंची कारागिरी जर्मनीतल्या लाउशा गावात १९व्या शतकापासून चालत आलेली आहे. बरेच पक्षी पाहिले. आमच्यासारखा एकही नव्हता.

दादाचं म्हणणं असं की खोका माळ्यावरून उतरवताना आपटला असेल, त्यात पक्षी फुटला. आठ वर्षं हेच. आपटलाही असेल, पण पक्षी झाडाच्या खोक्यात होताच कसा? त्याची जागा कापसाच्या डब्यात. क्लिप मला फांदीला घट्ट धरलेली सापडली, तिसऱ्या थरात, अगदी खोडाशी. म्हणजे तो काढलाच नव्हता. वर फांदी दाबली गेली आणि तो तिथेच चिरडला.

हे टळलं असतं. आधी खोलीतले दिवे बंद करा, झाडावरचे चालू ठेवा आणि झाडाभोवती हळूहळू एक फेरी मारा. आत लपलेली काच, चमकी, धातूचा आकडा, सगळं लुकलुकतं. दिवसाउजेडी बाहेरून पाहून हे कधीच सापडत नाही. एकेका थरात खोडापासून बाहेरच्या बाजूला हात फिरवत वस्तू काढा. म्हणूनच माळ सर्वांत शेवटी उतरवायची: ती तुमचा दिवा आहे. १८८२ साली एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या घरी झाडावर ८० विजेचे दिवे लावले, तेव्हापासून लोक या तारा झाडाला गुंडाळतायत, आणि गुंडाळलेली तार उलट्या दिशेने उलगडण्याला आजवर पर्याय निघालेला नाही. पिन काढा, जिथे संपवली होती तिथून सुरू करा, हातातली तार लगेच पुठ्ठ्यावर गुंडाळत जा. जमिनीवर ढीग केलात की गुंता तुम्हीच केलात.

फांद्यांचंही तेच. साध्या पीव्हीसी झाडाची फांदी बाटली धुवायच्या ब्रशसारखी बनते: पातळ पट्टीची बारीक पाती दोन तारांच्या मध्ये धरून पीळ दिलेला असतो. पात्यांना धरून ठेवतो तो फक्त पीळ. हात टोकाकडून खोडाकडे उलटा फिरवलात की ती उपसून येतात, म्हणून जमिनीवर हिरवा सडा पडतो. फांदी मुळाशी धरायची, खोडाच्या बाजूने वर मिटायची आणि उपफांद्या टोकाकडे सरळ करायच्या. खालच्या थरापासून सुरुवात करा. वरून खाली दाबलेली फांदी बिजागरीत वाकते. आमच्या मधल्या भागाची एक फांदी आजही सरळ बसत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, तारांची टोकं कोपरापर्यंत ओरखडतात.

मूळच्या खोक्याचा नाद सोडा. कारखान्यात झाड दाबून भरलेलं असतं. एकदा फुललेली फांदी तेवढी पुन्हा मिटत नाही. प्रत्येक भाग कापडी पट्टीने दोन जागी बांधा आणि मोठी लांबट पिशवी घ्या. झाडाखाली जुनी चादर आधीच पसरा, पडलेली पाती तिच्यातच गोळा होतात. फरशीवरून झाडायला गेलात तर ती केरसुणीलाच चिकटतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमच्या झाडात लाइट कारखान्यातच बसवून आलेले असतील तर ते काढू नका, ते फांद्यांसकटच मिटतात. फक्त भाग उचलण्याआधी दोन भागांमधला प्लग सोडवा, नाहीतर माझ्या माळेची गत होईल. घरात जागाच भरपूर असेल आणि अख्खं झाड उभंच झाकून ठेवणार असाल, तर माळ राहिली तरी माझी हरकत नाही, पण काच तेव्हाही काढाच. पीव्हीसी उन्हाने आणि उष्णतेने कडक होऊन तडकतं, म्हणून तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नका. आणि झाड फार जुनं असेल, पाती हातात भुगा होत असतील, तर सांभाळा. जुन्या पीव्हीसीत शिसं मिसळलेलं असू शकतं. हात साबणाने धुवा, लहान मुलांना तो भुगा हाताळू देऊ नका.

तर मुद्दा वेळेचा. मला एकटीला दोन तास लागतात, मदतीला कोणी असेल तर सव्वा तास. पण सजवायला घरचे सगळे असतात आणि उतरवायला कोणीच नसतं, आणि जो एकटा उरतो त्याला मग घाई सुचते. दादाला मी त्यानंतर पाच वेळा उतरवायला बोलावलं, तो एकदाही आला नाही. क्लिप मी काढलेली नाही. मधल्या भागाच्या तिसऱ्या थरात, खोडाशी, अजून आहे. झाड पुढच्या रविवारी उतरवणार आहे. त्याने यावं आणि स्वतः हात घालून ती काढावी.